प्रतिसाद: खारी हवा आणि रबिंग-पॉलिश

वर एकांनी लिहिलंय की किनाऱ्यावरच्या गाडीला दर सर्व्हिसिंगला रबिंग-पॉलिश करावं, म्हणजे खारी हवा बाधत नाही. नेमकं उलट आहे. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे तोच थर थोडा घासून ओरखडे बुजवणं. संरक्षण देतं ते वॅक्स किंवा सीलंट, आणि ते वरून चढवायचं असतं. दर वेळी घासत राहिलात तर हा थर संपून बॉनेटचा रंग उन्हाने पांढरा पडायला लागेल, मग रिपेंटशिवाय गत्यंतर नाही.

आपल्याकडचा खरा शत्रू जांभ्याची लाल धूळ. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर किंवा गणपतीपुळ्याला गाडी लावून आलात की त्यात रेतीही मिसळते. अशा गाडीवर सकाळी कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिशपेपरच मारणं! उन्हात बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतील. आधी पाण्याचा फवारा, मग कार शॅम्पू आणि मायक्रोफायबरचं मऊ फडकं. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स उतरवतो.

"पावसात गाडी आपोआप धुतली जाते" यावर काय बोलणार! चार महिने चिखल व्हील आर्चमध्ये, म्हणजे चाकावरच्या कमानीत, बसून राहतो आणि गंज तिथूनच धरतो. बॉनेट चमकवण्याआधी खालून पाणी मारून घ्या, दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं काडीने मोकळी करा. आणि ओल्या गाडीवर कव्हर घालू नका.