‘सौभद्र’ दोन तासांत : पदे कमी करावीत, पण सखी का वगळावी?

परवा ‘संगीत सौभद्र’चा नव्या पद्धतीने बसवलेला प्रयोग पाहिला. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शंभराहून अधिक पदे घातली होती. दोन तासांच्या प्रयोगात त्यांतली बरीच गाळावी लागणार हे उघड आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘वद जाऊ कुणाला शरण’बद्दल. बलरामाने दुर्योधनाशी लग्न ठरवले आहे आणि मन तर अर्जुनावर जडले आहे, अशा कोंडीत सापडलेली सुभद्रा हे पद सखीला उद्देशून म्हणते. येथे सखीचे पात्रच काढून टाकले होते. ‘मी धरीन चरण त्याचे, अग सखये’ या ओळीला सुभद्रेचा हात आपसूक बाजूला गेला, आणि तिथे कोणीच नव्हते. त्यात साथ ध्वनिमुद्रित. ‘शरण’ या शब्दावर गायिकेने फार सुरेख जागा, म्हणजे सुरांची नाजूक फिरत, घेतली, पण ती पुरी होण्याआधीच ठेका पुढे निघून गेला.

प्रतिसाद १
मी हाच प्रयोग पाहिला आणि माझे मत नेमके उलट आहे. साकी, दिंडी, कीर्तन, लावणी अशा ठिकठिकाणच्या चाली एकत्र आणून किर्लोस्करांनी त्यांच्या काळात नवेच काही केले होते. सुभद्रेची भूमिका तेव्हा भाऊराव कोल्हटकर करीत. पुढे ती स्त्रिया करू लागल्या म्हणून ‘सौभद्र’ संपले नाही. त्या रिकाम्या जागेकडे हात गेला तेव्हा माझ्या मुलीने हळूच विचारले, “हिचं ऐकणारं कुणीच नाही का?” दिग्दर्शकाला दुसरे काय हवे असणार?

प्रतिसाद २
वादकांचा ताफा घेऊन गावोगावी प्रयोग करणे आज छोट्या संस्थेच्या आवाक्यात नाही, हेही ध्यानात घ्यावे.

धागालेखक
प्रतिसाद १ मधील मुलीचा प्रश्न मला मनापासून आवडला, पण तो दुसऱ्या नाटकाचा आहे. सखी जवळ बसली आहे, सारे ऐकते आहे आणि तरीही काही करू शकत नाही, यात सुभद्रेची असहायता अधिक आहे. शिवाय सुभद्रा अर्जुनालाच मिळावी म्हणून कृष्णाने रचलेला डाव प्रेक्षकांना ठाऊक असतो, त्यामुळे तिच्या रडण्याकडे आपण काळजीने नव्हे, मायेने पाहतो; तिला एकटी पाडली की ही माया आटते आणि पुढचा सारा विनोद उपरा वाटू लागतो. खर्चाची अडचण मला मान्य आहे. मग ताफा नको, नेपथ्यातला एखादा खांब कमी करावा आणि एक तबलजी बसवावा. गायिका जागा घेत असताना तो तिच्यासाठी थांबेल.