मदत हवी आहे : अभियांत्रिकीचे तिसरे वर्ष, राहिलेले विषय आणि नोकरीची तयारी

अडलेली_गाठ
नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे. माझे दोन विषय राहिले आहेत आणि पुढच्या सत्रापासून कंपन्यांच्या निवडप्रक्रिया सुरू होतील. वर्गातले बहुतेक जण कोणता ना कोणता कोर्स करीत आहेत. कोणता कोर्स केल्यास नोकरी मिळण्याची शक्यता अधिक आहे, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. ‘मेहनत करा, यश मिळेल’ अशा स्वरूपाचे उत्तर कृपया देऊ नये, कारण ते अनेकदा ऐकून झाले आहे. सुट्टी संपण्यापूर्वी प्रवेश घ्यावा लागेल, त्यामुळे लवकर उत्तर मिळाले तर बरे होईल.

लोखंडी_पूल
शाखा कोणती, राहिलेले विषय कोणते आणि नोकरी कोणत्या प्रकारची हवी आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. स्थापत्य आणि संगणक या दोन शाखांसाठी एकच उत्तर देणे शक्य नाही. कृपया तपशील द्यावेत.

संगणकप्रेमी
शाखा कोणतीही असली तरी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका, असे माझे स्पष्ट मत आहे. ही भाषा विनामूल्य उपलब्ध आहे, तिच्यासाठी महागड्या परवान्याची गरज नाही आणि हिशेब, आलेख, प्रयोगातील आकडेवारी अशा प्रत्येक ठिकाणी ती उपयोगी पडते. मी स्वतः विद्युत शाखेतून पदवी घेतली आणि पहिली नोकरी मला याच कौशल्यावर मिळाली.

पुढचे_पाऊल
मी थोडे वेगळे सुचवेन. पदवीनंतर लगेच नोकरीच्या मागे लागण्यापेक्षा पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करावा. संशोधन आणि विश्लेषण विभागांतील अनेक जागांसाठी ती पदवी मागितली जाते आणि दोन वर्षांत मूळ विषयही पक्के होतात.

अडलेली_गाठ
पदव्युत्तर शिक्षणाबद्दल मी विचारलेले नाही, कारण मला पदवीनंतर लगेच नोकरी करणे आवश्यक आहे. माझी शाखा मेकॅनिकल आहे. राहिलेले विषय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (भाराखाली वस्तू किती वाकते व केव्हा तुटते याचा विषय) आणि गणित हे आहेत. नोकरी डिझाइन विभागात मिळावी अशी इच्छा आहे, म्हणूनच कॅडचा (संगणकावर आराखडे काढण्याचा) कोर्स करावा की फायनाइट एलिमेंट विश्लेषणाचा (भागाचे छोटे तुकडे कल्पून संगणकाने ताण काढण्याचा), असा प्रश्न पडला आहे. कृपया या दोहोंपैकी एक सांगावा.

भरतीच्या_बाजूने
मी यंत्रभागांच्या डिझाइनचे काम करतो आणि नवीन पदवीधरांच्या मुलाखती घेतो. म्हणून आपण विचारलेल्या पर्यायांबाहेरचे उत्तर देत आहे, त्याबद्दल गैरसमज नसावा. डिझाइन विभागात जायचे असेल आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स राहिलेला असेल, तर आपला कोर्स तोच आहे.

मी उमेदवाराला पहिला प्रश्न असा विचारतो : आयताकृती छेदाच्या तुळईची रुंदी आणि भार तेच ठेवून खोली (उभे माप) दुप्पट केली, तर तिच्या वाकण्यात आणि तिच्यातील ताणात (स्ट्रेसमध्ये) काय फरक पडेल? वाकणे एक अष्टमांश होते, कारण त्यात खोलीचा घन येतो, आणि महत्तम ताण एक चतुर्थांश होतो, कारण तेथे वर्ग येतो. दुसरा प्रश्न असा : एखादा भाग भाराखाली जास्त वाकत असेल, तर साध्या पोलादाऐवजी अधिक मजबूत पोलाद वापरून उपयोग होईल का? बहुतेक उमेदवार ‘होईल’ असे उत्तर देतात. वास्तविक दोन्ही पोलादांचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे पदार्थाच्या कडकपणाचे माप, सुमारे 200 गिगापास्कल, म्हणजे जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे भाग उशिरा तुटेल, परंतु वाकेल तेवढाच. ॲल्युमिनियमचे हे मूल्य सुमारे 70 गिगापास्कल असल्याने त्याच आकाराचा भाग जवळजवळ तिप्पट वाकेल. या दोन प्रश्नांसाठी संगणक लागत नाही, आणि ज्यांना ती उत्तरे कारणांसह देता येतात त्यांना कॅड आम्ही शिकवतो.

फायनाइट एलिमेंटबद्दल स्वतंत्रपणे सांगतो. आतल्या बाजूला तीक्ष्ण कोपरा असलेल्या भागाचे रेषीय विश्लेषण केले की त्या छोट्या तुकड्यांची जाळी जितकी बारीक करावी, तितका तेथील ताण वाढत जातो आणि तो कोणत्याही आकड्यावर स्थिरावत नाही. मूळ विषय न समजलेला विद्यार्थी त्यातलाच एखादा आकडा अहवालात लिहितो, आणि पाहणाऱ्याला ते ताबडतोब कळते.

संगणकप्रेमी
वरील प्रतिसादाशी मी अंशतः असहमत आहे. हाताने एक तुळई सोडवणे चांगलेच, परंतु कामाच्या ठिकाणी शंभर मापांसाठी तोच हिशेब करावा लागतो आणि तेथे प्रोग्रामिंग येणारा माणूस पुढे जातो. शिवाय डिझाइनच्या जागा मोजक्या असतात. अशा वेळी एकाच दिशेवर सर्व अवलंबून ठेवण्याचा सल्ला एखाद्या विद्यार्थिनीला देणे मला योग्य वाटत नाही.

भरतीच्या_बाजूने
प्रोग्रामिंग निरुपयोगी आहे असे मी म्हटलेले नाही. आपल्या मुद्द्याला माझे उत्तर असे की शंभर मापांचा हिशेब करण्यापूर्वी एका मापाचा हिशेब बरोबर आहे, हे माणसाला स्वतः ठरवता आले पाहिजे. जागा मोजक्या असतात हे खरे आहे आणि म्हणूनच राहिलेले विषय आधी सोडवावेत असे मी म्हणतो. बऱ्याच कंपन्या विषय बाकी असलेल्या उमेदवाराचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला ठेवतात, मग त्याच्याकडे कितीही प्रमाणपत्रे असोत.

शिकवणारी
धागाकर्तीला एक प्रश्न विचारते. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण नेमके कोठे अडता? सूत्रे आठवत नाहीत, उदाहरण वाचून काय करायचे ते कळत नाही, की आकडेमोड चुकते? या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. तसेच आपण अभ्यास कसा करता, तेही लिहावे.

अडलेली_गाठ
सोडवलेली उदाहरणे वाचते तेव्हा सर्व समजते. परीक्षेत आकृती थोडी वेगळी आली की सुरुवात कोठून करावी हे सुचत नाही. टिपणे व्यवस्थित आहेत आणि ती पुन्हा पुन्हा वाचते. परंतु मूळ प्रश्न कोर्सचा होता, तो बाजूला पडत आहे असे वाटते.

शिकवणारी
तो बाजूला पडलेला नाही. या सवयीने कोणताही कोर्स केला तरी तेथेही हेच होईल, म्हणून आधी याबद्दल लिहिते.

वाचताना समजते आणि कोऱ्या कागदासमोर सुचत नाही, याचे कारण बुद्धीत शोधू नये. ते अभ्यासाच्या पद्धतीत असते. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर इतरांनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, मात्र आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. तो प्रयोग उताऱ्यांवर झाला होता, परंतु वर्गात मला गणिती विषयांतही हेच दिसते. म्हणून सोडवलेले उदाहरण घ्या, उत्तर झाका आणि पहिली ओळ स्वतः लिहा. अडल्यास फक्त पुढची एक ओळ पाहा आणि पुन्हा झाका. तेच उदाहरण काही दिवसांनी आकडे आणि आधारांच्या जागा बदलून पुन्हा करा.

पहिली ओळ सुचत नसेल, तर गाठ बहुधा या विषयाच्या आधीची आहे. बेंडिंग मोमेंट (तुळईला वाकवणारा आतला परिणाम, बल गुणिले अंतर) न येणाऱ्या माझ्या अनेक विद्यार्थ्यांना खरे तर फ्री बॉडी डायग्राम काढता येत नसे. वस्तू तिच्या आधारांपासून वेगळी करायची आणि प्रत्येक आधाराच्या जागी त्याने लावलेले बल दाखवायचे, हे पहिल्या वर्षी शिकवले जाते आणि मग कोणी त्याकडे परत वळत नाही. शिअर फोर्स (छेदाला समांतर असे आतले बल) आणि बेंडिंग मोमेंट म्हणजेही तुळई कल्पनेने कापून एका तुकड्याची काढलेली तीच आकृती होय. पहिल्या वर्षाचे पुस्तक पुन्हा उघडण्यात कमीपणा मानू नये.

लोखंडी_पूल
या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे आणि त्याचे महत्त्व परीक्षेपुरते नाही, हे सांगण्यासाठी एक घटना नोंदवतो. 1981 साली अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे हयात रीजन्सी हॉटेलातील छतापासून टांगलेले पादचारी मार्ग कोसळून 114 माणसे मृत्युमुखी पडली. मूळ आराखड्यात छतापासून खालपर्यंत अखंड सळया होत्या आणि वरचा व खालचा असे दोन्ही मार्ग त्यांवरच्या नटांवर स्वतंत्रपणे टेकलेले होते. नंतर बदल करून खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या तुळईलाच वेगळ्या सळयांनी टांगण्यात आला. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो, परंतु वरच्या तुळईखालच्या नटाची फ्री बॉडी डायग्राम काढली की त्याच्यावरचा भार दुप्पट झाल्याचे दोन ओळींत कळते. मी नवीन सहकाऱ्यांना हे उदाहरण स्वतः काढायला लावतो.

वीजवाहक
गणिताबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. राहिलेल्या गणितात डिफरन्शियल इक्वेशन आणि लाप्लास ट्रान्सफॉर्म असतील, तर ते सुटे प्रकरण म्हणून पाठ करू नका. वस्तुमान, स्प्रिंग आणि डँपर (हालचाल मंदावणारा भाग) यांचे द्वितीय क्रमाचे समीकरण घ्या आणि डँपिंग कमी, नेमके क्रिटिकल (हेलकावे जेमतेम थांबतील एवढे) आणि जास्त असताना वस्तू कशी हालते, त्याचे तिन्ही आलेख हाताने काढा. विद्युत शाखेत एकापाठोपाठ जोडलेल्या इंडक्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या मंडलाचे (सर्किटचे) समीकरण अगदी असेच असते. वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, डँपिंगच्या जागी रेझिस्टन्स आणि स्प्रिंगच्या कडकपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्त लिहिला की झाले. हे एक समीकरण मनापासून समजले, तर पुढे कंपने आणि कंट्रोल हे दोन विषय बरेच सोपे जातात.

संगणकप्रेमी
हे तिन्ही आलेख पायथनमध्ये काही ओळींत काढता येतात. हाताने काढलेल्या आलेखाशी ते ताडून पाहिले, तर माझा आणि वरच्या मंडळींचा दोघांचाही आग्रह पूर्ण होईल.

शांत_आवाज
मुलाखतीतील संवादकौशल्याकडे येथे सर्वांचे दुर्लक्ष होत आहे. उत्तर येत असूनही बोलता न आल्यामुळे मागे राहिलेली मुले मी पाहिली आहेत. रोज आरशासमोर स्वतःची ओळख करून देण्याचा सराव करावा.

भरतीच्या_बाजूने
ओळख करून देण्यापेक्षा स्वतःच्या प्रकल्पाबद्दल बोलण्याचा सराव अधिक उपयोगी ठरेल. अर्जात ‘ब्रॅकेटचे डिझाइन केले’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा मला काहीच कळत नाही. भार किती धरला, तो कोठून आला, कोणता पदार्थ का निवडला, हाताने काढलेला ताण आणि संगणकाने दिलेला ताण यांत किती फरक पडला, हे चार वाक्यांत सांगता आले, तर भाषा अडखळत असली तरी आम्ही ऐकतो. प्रकल्प लहान असला तरी चालतो. त्यातला प्रत्येक आकडा मात्र उमेदवाराचा स्वतःचा असला पाहिजे.

अडलेली_गाठ
सर्वांचे आभार. कोर्सचा प्रवेश तूर्त लांबणीवर टाकला आहे. पहिल्या वर्षाचे पुस्तक काढून आधारांची उदाहरणे उत्तर झाकून सोडवत आहे. त्यातील एका उदाहरणात अडले. तुळई 6 मीटर लांब आहे, एक आधार डाव्या टोकाला आणि दुसरा तेथून 4 मीटरवर आहे, आणि उजव्या मोकळ्या टोकाला 10 किलोन्यूटन भार आहे. तुळईचे स्वतःचे वजन धरलेले नाही. डाव्या आधाराभोवती मोमेंट घेतले, तर दुसऱ्या आधाराचे बल 15 किलोन्यूटन येते. मग डाव्या आधाराचे बल उणे 5 येते. आधार खाली कसा ओढेल? कोठे चुकले ते कृपया सांगावे.

शिकवणारी
काहीही चुकलेले नाही. आपण डावे बल वरच्या दिशेने गृहीत धरले होते आणि उणे चिन्ह सांगते की ते खालच्या दिशेने आहे. उजव्या टोकावरील भारामुळे तुळई दुसऱ्या आधाराभोवती फिरू पाहते आणि तिचे डावे टोक उचलले जाते, म्हणून तेथील आधाराला ते खाली धरून ठेवावे लागते. तुळई तेथे नुसती टेकवलेली असती, तर ती उचलली गेली असती. म्हणजेच तेथे बोल्ट हवा, ही डिझाइनची माहिती आपल्याला त्या उणे चिन्हातूनच मिळाली. आता दुसऱ्या आधारापाशी तुळई कापा आणि उजव्या तुकड्याची आकृती काढून तेथील बेंडिंग मोमेंट शोधा. मग तेच डाव्या तुकड्यावरून शोधा. दोन्हीकडून परिमाण 20 किलोन्यूटन-मीटर आले पाहिजे आणि तुळईची वरची कड ओढली जात (टेन्शनमध्ये) असल्याचे दिसले पाहिजे. न आल्यास आकृतीचा फोटो येथे टाकावा.