बागेसाठी जागा हवी आहे (कर्वेनगर परिसर, पुणे)

शेपूची जुडी
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट आहे. मालक परदेशात, त्यांचे भाऊ इथे. पूर्वी तिथे राडारोडा आणि गाजरगवत. आम्ही गल्लीतल्या बायका आणि दोन हौशी आजोबांनी तो साफ करून भाजी लावली. भाऊ म्हणाले, "लावा की, तेवढीच राखण." सगळं शब्दावर, कागदबिगद काही नाही. आज तिथे पालक, अंबाडी, अळू, घेवड्याचा मांडव, हळदीचे वाफे, एक शेवगा आणि कढीपत्ता आहे.

आता प्लॉट बिल्डरकडे गेलाय, दिवाळीनंतर पत्रे लागणार. भाऊंवर राग नाही, जागा त्यांचीच होती. पण बाग मोडायची नाहीये.

डोळ्यांसमोर तीन जागा आहेत. शेजारच्या मोठ्या सोसायटीचा मागचा कोपरा: बोलणं काढलं तर त्यांच्या कमिटीत "खताचा वास, डास, उंदीर" सुरू झालं, शिवाय एका काकांना तिथे लॉनच हवंय. दुसरी नदीकाठची गाळाची जमीन, फुकट, पाणी समोरच. तिसरी आमची गच्ची, पण "वॉटरप्रूफिंग" म्हटलं की आमची मीटिंग तिथेच संपते.

काय धरावं? आणि माती नेता येते का? सुरुवातीला पाय रुतायचे अशी चिकट होती. आता मुठीत दाबून सोडली की भुसभुशीत फुटते, गांडुळं निघतात. ती जेसीबीच्या तोंडी द्यायला जिवावर येतंय.

सातबारा
ताई, नदीकाठ आधी डोक्यातून काढा. निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम करता येत नाही म्हणून ती जमीन मोकळी दिसते. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. हे झालं कागदावर. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीतल्या घरांत पाणी शिरलं, तिथे तुमच्या वाफ्यांचं काय! आणि पुण्यातलं मुठेचं पाणी पालकावर घालणार? मी तरी तो पालक खाणार नाही.

सोसायटीचा कोपरा नक्की कशाचा आहे ते बघा. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये साधारण १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती असेल तर हक्क तिथल्या लोकांचा, सर्वसाधारण सभेत ठराव झाल्याशिवाय तुम्हाला कोणी देऊ नये आणि तुम्हीही घेऊ नये. पण तो तुकडा अॅमेनिटी स्पेस (सार्वजनिक सोयींसाठी सोडलेली जागा) म्हणून महापालिकेच्या ताब्यात गेला असेल, तर लॉनवाल्या काकांशी वाद घालण्यात अर्थ नाही, अर्ज पालिकेकडे. मंजूर नकाशावर सगळं लिहिलेलं असतं. या वेळी तरी शब्दावर राहू नका, निदान वर्षाचा करार करा.

फावडं
माती न्या, पण वरची वीतभरच. पाऊस थांबून वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली, की उचला. चिखलात उचललीत तर ट्रॉलीचं भाडं पाण्याला जाईल आणि मातीचे गोळे होतील.

हळदीची घाई नको. मे-जूनमध्ये लावली असेल तर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत तयार नाही. दिवाळीनंतर काढलेली लोणच्याला चालेल, दळायला नाही. बिल्डरकडे तेवढाच कोपरा दोन-तीन महिने मागून बघा, तसंही पत्रे लागल्यावर काम लगेच सुरू होतं असं नाही. शेवग्याची मनगटाएवढी फांदी छाटून लावा, जगते. कढीपत्त्याच्या बुडाशी पिलं फुटली असतील, ती मुळांसकट काढा. मूळ झाडं तोडण्याची परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून काढणं ही बिल्डरची डोकेदुखी.

गच्चीवर ही माती नको! चौरस मीटरला फूटभर ओली माती म्हणजे अर्धा टन, आणि माणसांची ये-जा असलेली गच्ची चौरस मीटरला साधारण दीडशे किलोच्या हिशोबाने बांधतात. तिथे उसाचं चिपाड, पालापाचोळा, कंपोस्ट. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर अशीच बाग उभी राहिली होती.

दक्षिणायन
उन्हाचं कोणी बोललंच नाही. सोसायटीच्या त्या कोपऱ्याच्या दक्षिणेला इमारत आहे का? आत्ता ऑगस्टात सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे जागा लख्ख दिसेल. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही तो ४८ अंशांच्या वर येत नाही. सात मजली इमारतीची सावली उत्तरेला वीसेक मीटर पडते. मेथी तग धरेल, घेवडा नाही.

जवळच्या शाळेत विचारलंत का? मैदानाच्या कडेची पट्टी बहुतेक पडूनच असते. फक्त मे महिन्यात पाणी कोण घालणार ते आधी ठरवून जा, मुख्याध्यापक पहिला प्रश्न तोच विचारतील.

शेपूची जुडी
दक्षिणायन, इमारत आहे आणि बरोब्बर दक्षिणेलाच आहे. आठ मजली. लॉनवाल्या काकांना लॉन लखलाभ.

नदी रद्द. आमच्यातल्या एक बाई शाळेत शिकवायच्या, त्या सोमवारी मुख्याध्यापकांकडे जाणार आहेत. मेमध्ये पाण्याच्या पाळ्या आम्ही लावू, तशा आत्ताही लावतोच. फावडं, बिल्डरच्या साइटवरच्या माणसाला हळदीचं विचारलं. "साहेबांना विचारतो" म्हणाला, म्हणजे पुन्हा जावं लागणार.

शाळेला द्यायच्या अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर इथे टाका. करारात पाण्याच्या बिलाचं कसं लिहायचं तेही सांगा.