मूळ ट्रिपल (कर्ता-संबंध-कर्म असं तीन भागांचं विधान) काढला तरी इन्फर्ड (रूलवरून आपोआप तयार झालेला) डेटा जात नाहीये

प्रश्न: रूल साधा आहे, अ हा ब चा भाग आणि ब हा क चा भाग असेल तर अ हा क चा भाग. आता मधला ट्रिपल डिलीट केला तरी अ-क स्टोअरमध्ये (ट्रिपलच्या डेटाबेसमध्ये) तसाच पडून आहे, आणि दरवेळी सगळं परत मटेरियलाइज करायचं (रूल चालवून निष्कर्ष साठवायचे) तर फार वेळ जातो हो. काय करू?

उत्तर: आधी इन्फर्ड ट्रिपल वेगळ्या नेम्ड ग्राफमध्ये (नाव दिलेल्या ट्रिपलच्या गटात) टाका, मूळ ट्रिपलमध्ये मिसळले की ओळखू येत नाहीत.

उत्तर: बरोबर, पण सरसकट उडवू नका, अ-क दुसऱ्या वाटेनेही निघत असेल. १९९३ ची डीरेड (DRed, डिलीट अँड रिडिराइव्ह) पद्धत बघा, त्यात डिलीट केलेल्या ट्रिपलवर अवलंबून असलेले संशयित सगळे आधी काढायचे आणि उरलेल्या फॅक्ट्सवरून जे सिद्ध होतात ते परत घालायचे.

प्रश्नकर्ता: अरे हो, ड मधून दुसरी वाट आहेच! मी तो उडवणारच होतो, खूप आभार.