मान होता, पण घरातूनच टोमणेही होते
'अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या सोसायटीला, म्हणजे आयडीएसएला, पहिल्यापासून मान होता' असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. १९६३ साली ती निघाली तेव्हा पहिले अध्यक्ष बोस्टनचे मॅक्सवेल फिनलंड. माणूस वजनदार, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंबद्दल तेव्हाच कंठशोष करणारा.

पण १९७८ मध्ये संसर्गरोगांतलेच दिग्गज रॉबर्ट पीटर्सडॉर्फ यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की आणखी ३०९ संसर्गतज्ज्ञ हवेतच कशाला? एकमेकांचे कल्चर लावत, म्हणजे एकमेकांच्याच अंगावरचे जंतू प्रयोगशाळेत वाढवून तपासत बसायला? (टोमणा झकास, हे मान्य!) तीनच वर्षांनी, जून १९८१ मध्ये, लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना झालेल्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद. मग कोण विचारतंय, तज्ज्ञ जास्त झाले का म्हणून!