मदत हवी आहे: ‘छिएयुन’मधील उच्चार नेमके कुठले मानावेत?

इ. स. 601 मध्ये लू फायान यांनी सिद्ध केलेल्या ‘छिएयुन’ या चिनी यमककोशाचा (यमकांनुसार अक्षरे लावून त्यांचे उच्चार सांगणाऱ्या कोशाचा), आणि 1008 मधील ‘ग्वांगयुन’ या त्याच्या विस्तारित रूपाचा, मी सध्या अभ्यास करीत आहे. एका अक्षराचा उच्चार दोन अक्षरांनी सांगण्याची त्यातील पद्धत, म्हणजे पहिल्याचे आद्य व्यंजन आणि दुसऱ्याचा उरलेला भाग सुरासह घेणे, मला समजली आहे. ‘तोक’ आणि ‘हुंग’ यांवरून ‘तुंग’, म्हणजे पूर्व दिशा, हे त्याचे फार सुंदर उदाहरण आहे.

माझी अडचण पुढची आहे. स्वीडिश अभ्यासक बर्नहार्ड कार्लग्रेन यांनी हा कोश छांगआन या प्राचीन चिनी राजधानीच्या बोलीचा मानला. परंतु लू यांची प्रस्तावनाच उत्तर-दक्षिणेतील आणि जुन्या-नव्या उच्चारांवर झालेल्या चर्चेचा उल्लेख करते, त्यामुळे मला तो संमिश्र वाटतो. शिवाय कार्लग्रेन यांनी घोष व्यंजने महाप्राण मानली, तर नंतरच्या काही अभ्यासकांनी अल्पप्राण. संस्कृतातील ग-घ, द-ध, ब-भ हे भेद आपल्या कानाला स्पष्ट असतात, म्हणून बौद्ध ग्रंथांतील संस्कृत नामांची चिनी लिप्यंतरे येथे निर्णायक ठरावीत असे वाटते. हा पुरावा कालखंड आणि प्रदेशानुसार कसा पारखावा, याबद्दल संस्कृत व चिनी दोन्ही जाणणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.