मदत हवी आहे: नॅटॅलिझुमॅब चालू असताना जेसी विषाणूची टेस्ट पॉझिटिव्ह आली, औषध बदलावं का?

माझ्या धाकट्या बहिणीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते. दोन वर्षांहून जास्त काळ ती नॅटॅलिझुमॅबवर आहे आणि या औषधाने तिला अक्षरशः उभं केलं. आधी रिलॅप्सवर रिलॅप्स (आजार पुन्हा उसळणं) यायचे. आता काठी सुटली, जिना एकटी चढते.

आणि यावेळी जेसी विषाणूच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या, इंडेक्स (अँटिबॉडी किती आहेत याचा आकडा) १.५ च्या वर, म्हणजे धोका जास्त. आजवर दर सहा महिन्यांनी निगेटिव्ह यायच्या.

डॉक्टरांकडून समजलं ते असं: निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांच्या शरीरात हा विषाणू काही त्रास न देता पडून असतो. नॅटॅलिझुमॅब पांढऱ्या पेशींना रक्तातून मेंदूत शिरू देत नाही. त्याने एमएस आटोक्यात राहतो, पण मेंदूवरचा पहाराही ढिला पडतो. मग क्वचित कोणाला पीएमएल होतो, म्हणजे विषाणू मेंदूत वाढून मज्जातंतूंचं आवरण तयार करणाऱ्या पेशीच मारतो. त्यावर नेमकं औषध नाही. याच कारणाने २००५ मध्ये नॅटॅलिझुमॅब बाजारातून काढून घेतलं होतं, २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटींवर परत आलं.

चारऐवजी सहा आठवड्यांनी डोस घ्यायचा किंवा औषध बदलायचं, असे दोन पर्याय समोर आहेत. बंद केल्यावर एमएस उसळून येतो याची मला पीएमएलइतकीच भीती वाटते. या वळणावरून कोणी गेलंय का?

अजून एक. हल्ली तिला उजव्या हाताने कुर्त्याचं बटण लावायला वेळ लागतोय. ती म्हणते, थकव्यामुळे. रिलॅप्स आणि पीएमएल यातला फरक घरच्यांना कसा कळणार?

प्रतिसाद

ताई, बटणाचं आजच डॉक्टरांच्या कानावर घाला, पुढच्या तारखेची वाट बघू नका. रिलॅप्स बहुधा काही दिवसांत ठळक होतो, पीएमएल आठवडे-आठवडे सरकत वाढतो: एका बाजूचा अशक्तपणा, बोलणं अडखळणं, नजरेचा एक भाग जाणं, स्वभाव बदलणं. पण घरबसल्या ठरवता येत नाही. एमआरआय आणि पाठीतून पाणी काढून त्यात विषाणूचा डीएनए शोधणं, हाच मार्ग. तोवर पुढचा डोस थांबवतात. रिलॅप्स समजून लगेच स्टेरॉइड सुरू होत असेल तर आधी पीएमएलचं विचारा.

माझ्या नवऱ्याचं औषध बदललं. आधी एमआरआय स्वच्छ असल्याची खात्री केली, मग मध्ये फार खंड न पाडता ऑक्रेलिझुमॅब हे एमएसचं दुसरं औषध सुरू केलं. नॅटॅलिझुमॅब थांबवल्यावरही सहा महिने पीएमएलवर लक्ष ठेवावं लागतं, त्यामुळे एमआरआय चालूच ठेवले. तिने पूर्वी प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधं घेतली होती का? त्यानेही धोका वाढतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. हो, नॅटॅलिझुमॅबच्या आधी काही महिने अ‍ॅझाथायोप्रिन होतं. आत्ताच फोन केला. डोस थांबवलाय, उद्या सकाळी एमआरआय आहे. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.